हात हलतो तेवढा हलू द्यावा

10 मीटर एअर पिस्तूलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं असतं. शर्टाच्या बटणाएवढं. छर्रा 4.5 मिलिमीटरचा, आणि त्याची कड रेषेला नुसती टेकली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्र्याचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून 8 मिलिमीटरच्या आत पडलं की दहा, 16 च्या आत नऊ, 24 च्या आत आठ. पुढचं प्रत्येक घर असंच आठ-आठ मिलिमीटरनं लांब. कागदावर वाचताना हे सगळं बरंच उदार वाटतं.

मग एक किलोच्या आसपासचं पिस्तूल एका हातात येतं. तो हात खांद्यापासून सरळ, दुसरा खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला, आणि डोळ्यासमोर पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण. ती थांबत नाही. काळ्या वर्तुळाच्या खालच्या पांढऱ्यात ती डावीकडे जाते, परत येते, किंचित वर चढते, श्वास अडला की खाली बसते. हृदय धडधडतंय, स्नायू एकमेकांना आलटून पालटून ताणतायत, पाय घोट्यापाशी डोलतायत. या सगळ्याची बेरीज त्या साइटवर दिसते. ऑलिंपिकच्या फायनलमध्ये उभ्या असलेल्या नेमबाजाचीही साइट हलतेच. फक्त तिचं अंगण लहान असतं आणि चाल संथ असते.

या अंगणाला रेंजवर ‘होल्ड’ म्हणतात. आज, या घडीला, तुमची पातळी किती या प्रश्नाचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर हा होल्ड देतो. पदकं, प्रमाणपत्रं, मागच्या वर्षीचा तो एक सोनेरी स्कोअर या सगळ्यांपेक्षा जास्त प्रामाणिक. आणि नेमबाजीत ‘आपली पातळी स्वीकारा’ असं कुणी म्हणालं की मला ते प्रवचनातलं वाक्य वाटत नाही, ट्रिगरच्या तंत्राचाच भाग वाटतो. कारण हलणारी साइट ज्याला सहन होत नाही, त्याचं बोट बिघडतं. हे अगदी यांत्रिकपणे घडतं, आणि मिलिमीटरमध्ये मोजता येतं.

होतं असं. साइट आठच्या घरातून नऊच्या घरात येते, तिथून दहाच्या जागी सरकते. डोळ्याला ते दिसतं आणि आतून हुकूम सुटतो: आत्ता! एअर पिस्तूलचा ट्रिगर नियमानुसार किमान 500 ग्रॅमचा असतो. तो टप्प्याटप्प्यानं, वाढत्या दाबानं सुटायला हवा. हुकूम सुटला की एकटी तर्जनी हलत नाही, मूठच आवळली जाते. मनगट खाली किंवा आत मोडतं. साइट काळ्याखाली जिथे होती साधारण तिथेच राहते, पण मागच्या साइटच्या खाचेतली तिची जागा बदलते. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर 330 मिलिमीटर धरा. खाचेत पुढची साइट अर्धा मिलिमीटर सरकली, तर 10 मीटरवर फरक पडतो 15 मिलिमीटरचा. अर्धा मिलिमीटर म्हणजे पेन्सिलीच्या बारीक शिशाची जाडी. आणि त्या क्षणी नजर टार्गेटवर पळालेली असल्यानं तो दिसतही नाही.

आता दोन चुका शेजारी ठेवून बघा. साइट खाचेत नीट बसलेली आहे आणि होल्ड नऊच्या घराएवढा आहे, तर शॉट कधीही सुटो, वाईटात वाईट नऊ लागेल. होल्डच्या चुकीला कुंपण आहे. झटक्याच्या चुकीला कुंपण नाही, ती होल्डच्या वर येऊन बसते. नऊच्या कडेवर असताना झटका बसला की 15 मिलिमीटर त्यात मिळतात आणि सात होतो, कधी सहा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. दहा पकडायला धावलेलं बोट सात घेऊन येतं.

म्हणून साइट हलत असतानाच दाब वाढवत जायचा, ती थांबेल याची वाट न बघता. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. कारण त्यासाठी मनात हे मंजूर असावं लागतं की हा शॉट नऊही होईल, आणि माझ्या आजच्या होल्डला नऊ हा न्याय्य गुण आहे.

पातळी कळायची कशी, हा पुढचा प्रश्न. बहुतेकजण इथेच गंडतात, आणि त्यांना गंडवतो त्यांचाच सर्वोत्तम स्कोअर.

एक गणित मांडतो. समजा एका नेमबाजाचे छर्रे केंद्राभोवती सारखे विखुरतात आणि आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना तो विखुरलेपणा, संख्याशास्त्रातलं प्रमाण विचलन म्हणतात ते, 8 मिलिमीटर आहे. अशा माणसाचे एका मॅचचे 60 शॉट साधारण असे पडतील: 24 दहा, 28 नऊ, 7 आठ, 1 सात. बेरीज 555. त्याच्या एका शॉटची सरासरी 9.25, म्हणजे 10 शॉटच्या सीरिजची सरासरी साडेब्याण्णव. पण प्रत्येक सीरिज साडेब्याण्णव येणार नाही. निव्वळ नशिबाच्या खेळानं सीरिज सव्वादोन-अडीच गुण इकडेतिकडे होते. सहा सीरिजमध्ये एखादी 95-96 आणि एखादी 89-90 येणं ही त्याच्यासाठी रोजची गोष्ट आहे. हात तोच, होल्ड तोच, ट्रिगर तोच.

96 आली की तो घरी जाऊन सहाने गुणतो: 576! मला 576 मारता येतात, फक्त ‘सातत्य’ नाही. हे सातत्य नाही वालं वाक्य रेंजवर इतक्यांदा ऐकू येतं की ते भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही. खरं तर सातत्य आहे. सातत्यानं तो 555 मारतोय. 96 आणि 89 ही एकाच सरासरीची दोन पिल्लं आहेत. त्यातलं एक कौतुकाचं आणि दुसरं टाकून द्यायचं, असं करता येत नाही.

पूर्ण मॅचलाही हाच नियम. वरच्या हिशेबानं 555 च्या नेमबाजाचा स्कोअर पाच-सहा गुणांनी सहज वरखाली होतो, आणि 20 पैकी 19 मॅच 544 ते 566 च्या दरम्यान पडतात. एका रविवारी 547, पुढच्या रविवारी 563. पहिल्या दिवशी ग्रिप घासायला काढायची आणि दुसऱ्या दिवशी पेढे वाटायचे, यातलं काहीच त्या आकड्यांनी सांगितलेलं नसतं. (हे गणित प्रत्येक शॉट आधीच्या शॉटपासून स्वतंत्र धरतं. प्रत्यक्षात थकवा, घाई, भीती एका शॉटवरून दुसऱ्यावर सांडते, त्यामुळे खरी उडी याहून थोडी मोठीच निघते.) प्रगती झाली की नाही हे बघायचं तर पाच मॅचची सरासरी आधीच्या पाच मॅचच्या सरासरीशी लावा. फरक सात गुणांच्या आसपास असेल तर काहीतरी बदललंय असं म्हणता येतं. दोन-तीन गुणांवर काहीच म्हणू नये.

आता याच 555 चा दुसरा चेहरा. एका नेमबाजाचे 34 दहा, 15 नऊ, 5 आठ, 4 सात, 2 सहा. बेरीज करून बघा, 555 च येते. पहिल्याकडे दहा कमी, पण सात फक्त एक. दुसऱ्याकडे दहा भरपूर, आणि मध्येच सहा-सात. निकालपत्रकावर दोघे एकाच ओळीत. रेंजवर मात्र दोघांना करायची कामं वेगळी आहेत.

पहिल्याचा ट्रिगर स्वच्छ आहे. त्याचा होल्डच तेवढा आहे. त्याला वाढवायची आहे ती खांद्याची आणि पोटाची ताकद, उभं राहण्याची ठेवण, ग्रिपचा पक्केपणा, आणि त्याला लागणार आहेत महिने. विखुरलेपणा 8 वरून साडेसहा मिलिमीटरवर आला तर त्याचे 32 दहा, 25 नऊ, 3 आठ होतील, म्हणजे 569. चौदा गुणांसाठी दीड मिलिमीटर. हा दीड मिलिमीटर जिद्दीनं येत नाही. मॅचच्या दिवशी तर मुळीच येत नाही, तिथे जिद्द केली की विखुरलेपणा उलट दोन मिलिमीटरनं वाढतो.

दुसऱ्याचा होल्ड आत्ताच 569 चा आहे. त्याचे सहा शॉट झटक्याचे आहेत, चार सात आणि दोन सहा. ते सहाही फक्त नऊ झाले, दहा नव्हे, नऊच, तरी 14 गुण मिळतात. त्याला ताकद वाढवायची गरज नाही, महागडं पिस्तूलही नको. नऊ लागू देण्याची तयारी हवी. गंमत अशी की बरेचदा हा दुसरा माणूसच स्वतःला मोठा समजत असतो, कारण त्याच्या हाताला दहाची चव लागलेली आहे. पहिला बिचारा आपण अगदीच सामान्य म्हणून गप्प. कोच मात्र दोघांचं टार्गेट एकदा बघून ओळखतो.

तेव्हा वहीत नुसती बेरीज लिहू नका. दहा किती, नऊ किती, आठ किती, त्याखालचे किती, असे चार आकडे लिहा. पाचवा आकडा कॉलचा. शॉट सुटल्यावर मॉनिटरकडे बघायच्या आधी मनात म्हणायचं: ‘नऊ, तीन वाजता.’ मग बघायचं. घर बरोबर आलं आणि घड्याळातली दिशा एका तासाच्या फरकानं जुळली, तर कॉल बरोबर धरा. 60 पैकी 20 कॉल जुळत असतील, तर साइट सुटण्याच्या क्षणी दिसतच नाहीये, डोळा टार्गेटवर आहे किंवा पापणी मिटतेय. तेव्हा होल्डचा विचारही करू नये. 45 जुळत असतील तर तुम्ही काय मारताय ते तुम्हाला दिसतंय, मग आठ लागला तरी तो ओळखीचा आठ असतो. ओळखीच्या आठाचा राग येत नाही, हा अनुभव कॉल करायला लागलेल्या कुणालाही विचारा.

सहावा आकडा: किती वेळा उचललेलं पिस्तूल न मारता खाली ठेवलं. याबद्दल पुढे बोलू.

रायफलवाल्यांचं दुखणं तेच, माप वेगळं. एअर रायफलचा दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, छर्र्याचं केंद्र अडीच मिलिमीटरच्या आत असेल तर 10.0, आणि पुढे प्रत्येक दशांश पाव मिलिमीटरचा, 10.9 पर्यंत. सरासरी 10.2 असलेला नेमबाज 612 मारतो. त्यानं एकदा 105 ची सीरिज मारलेली असते आणि मग 10.1 लागला की कपाळावर आठी. पाव मिलिमीटरसाठी आठी! रायफलीत जॅकेट, हाडांवर तोललेलं वजन यामुळे होल्ड लहान असतो, म्हणून अपेक्षाही तितक्याच बारीक होऊन बसतात. बाकी सगळं सारखंच.

पातळी न स्वीकारण्याचं सगळ्यात महागडं रूप पिस्तुलाच्या मागच्या साइटवर दिसतं, क्लिकमध्ये, म्हणजे साइट सरकवायच्या स्क्रूच्या खटक्यांमध्ये. एक शॉट आठला गेला, डावीकडे. लगेच दोन क्लिक उजवीकडे. पुढचा उजवीकडे नऊ. परत एक क्लिक डावीकडे. हात आपला नेहमीसारखा विखुरतोय आणि माणूस त्या विखुरण्याचा पाठलाग करतोय. याचाही हिशेब निघतो. प्रत्येक शॉटनंतर त्या शॉटच्या चुकीएवढी साइट हलवली, तर विखुरलेपणा 8 मिलिमीटरचा सव्वाअकरा होतो, दहांची संख्या 24 वरून 13 वर येते आणि 555 चे 524 होतात. हात एका मिलिमीटरनंही बिघडलेला नसताना.

साइट कधी हलवावी? साइटरच्या, म्हणजे मॅचआधीच्या न मोजल्या जाणाऱ्या शॉटच्या वेळात पाच शॉट मारा. ज्यांचा कॉल आधीच वाईट होता ते बाजूला काढा, त्यांच्या जागी नवे मारा. पाच चांगल्या शॉटचं मध्य कुठे पडतंय ते बघा. 8 मिलिमीटर विखुरणाऱ्या हाताच्या पाच शॉटचं मध्य आपोआपच साडेतीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे असू शकतं, तेवढ्यासाठी क्लिक नकोत. सहा-सात मिलिमीटर एकाच बाजूला असेल तर हलवा, आणि परत पाच मारून खात्री करा. मॅच सुरू झाल्यावर उजेड बदलला, किंवा कॉल दहाचा आणि शॉट सतत एकाच बाजूला नऊ असं सलग चार-पाचदा झालं, तरच हात लावा. एका आठासाठी नाही. आणि आधी हे तपासा की पाय सरकले नाहीत ना: डोळे मिटून हात उचला, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साइट टार्गेटच्या बाजूला उभी असेल तर मागचा पाय थोडा फिरवून घ्या. हातानं ढकलून आणलेली साइट ट्रिगरच्या वेळी परत मूळ जागी जाते.

सराव कसा असावा, याबद्दल पुष्कळ मतं आहेत. माझा कल पांढऱ्याकडे आहे. टार्गेट उलटं लावायचं, काळं वर्तुळच नाही, नुसता पांढरा कागद. त्यावर 20 शॉट. नेम धरायला काही नाही, तर डोळ्याला साइटकडे बघण्यावाचून पर्याय उरत नाही. पकडायला दहा नाही, तर हुकूमही सुटत नाही. अनेकांना इथे धक्का बसतो, कारण कोऱ्या कागदावरचा ग्रुप काळ्या वर्तुळावरच्या ग्रुपपेक्षा लहान येतो. लहान आला तर समजावं, फरकाचा सगळा भाग त्या झडपेचा आहे. तसाच मोठा आला तर तो होल्ड आहे, शांतपणे मान्य करून व्यायामाला लागावं.

ड्राय फायर, म्हणजे छर्रा न घालता मारणं, हे घरी पांढऱ्या भिंतीसमोर होतं. पिस्तूल रिकामं आहे हे आधी दोनदा बघायचं, आणि ड्राय फायरची वेगळी सोय असेल तर तीच वापरायची. पहिले 10 वेळा नुसतं उचलायचं, ट्रिगरला बोट न लावता आठ सेकंद साइट हलताना बघायची, खाली ठेवायचं. काही सुधारायचं नाही, थांबवायला जायचं नाही. फक्त बघायचं की ती किती हलते, कुठल्या दिशेला जास्त. नवख्यांना हे फार कंटाळवाणं वाटतं. पण हलणाऱ्या साइटची सवय होण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही. तीच गोष्ट रोज दहादा बघितली की ती संकट वाटेनाशी होते. मग 20 वेळा ट्रिगरसह: ट्रिगरचा पहिला टप्पा हात खाली येता येताच घ्यायचा, साइट जागेवर स्थिरावली की दाब वाढवत राहायचा, खटका सुटल्यावर दोन सेकंद तसंच उभं राहायचं आणि बघायचं की खटक्याच्या क्षणी साइटनं उडी मारली का. उडी दिसली तर तो दाब हुकमाचा होता.

आणि आता ते खाली ठेवणं. साइट स्थिरावल्यापासून साधारण चार ते आठ सेकंदांत शॉट जायला हवा. दहाव्या सेकंदानंतर डोळ्यात साइटची प्रतिमा गोठते, म्हणजे ती हलली तरी हललेली दिसत नाही. श्वास अपुरा पडतो, होल्ड वाढतो. त्यावेळी करायची गोष्ट एकच, पिस्तूल खाली. पण तिथेच माणूस अडतो. एवढा वेळ धरलं, आता मारूनच टाकू. मॅचमधले निम्मे सात या ‘मारूनच टाकू’ चे असतात असं माझं मत आहे, मोजून सिद्ध केलेलं नाही. 60 शॉटमध्ये 10-15 वेळा खाली ठेवणं मला मुळीच जास्त वाटत नाही. शून्य वेळा असेल तर मात्र शंका यावी: इतका आत्मविश्वास कुठून आला?

वेळेची अडचण सांगू नका. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर 60 शॉटला 75 मिनिटं मिळतात, त्याआधीची तयारी आणि साइटरची 15 मिनिटं वेगळी. शॉटमागे 75 सेकंद. एक मिनिटाची लय धरली तर 15 मिनिटं हातात उरतात. ती खाली ठेवायला, पाणी प्यायला, आणि एका वाईट शॉटनंतर खुर्चीवर दोन मिनिटं बसायला दिलेली आहेत असं समजावं. 40 मिनिटांत मॅच उरकून मागे जाऊन इतरांची टार्गेटं बघणारे असतात, त्यांना काय मिळतं कोण जाणे.

मॅचमध्ये होल्ड सरावापेक्षा मोठा होतो. छाती धडधडते, तळव्याला घाम येतो, साइट नाचते. हा मोठा होल्डसुद्धा तुमचाच आहे, आजच्या पातळीचाच भाग. ‘सरावात 560, मॅचमध्ये 548’ असं असेल तर मॅचमधली पातळी 548 आहे. सरावाचे 560 खरे आणि मॅचचे 548 अपघाती, असं मानून लाइनवर उभं राहिलं की पहिल्या साइटरपासून प्रत्येक आठ चोरीला गेल्यासारखा वाटतो.

मधल्या बेरजेचंही तसंच. साडेब्याण्णव सरासरीच्या नेमबाजानं 95 आणि 94 नं सुरुवात केली की मनातल्या मनात 189 गुणिले तीन होतात: 567, म्हणजे सर्वोत्तम स्कोअर. तिसऱ्या सीरिजपासून तो मारायचं सोडून राखायला लागतो, दाब अर्ध्यावर थांबतो. गणित वेगळंच सांगतं. उरलेल्या चार सीरिज साडेब्याण्णवच्याच धरायच्या, म्हणजे 189 अधिक 370, एकूण 559. छान दिवस, इतकंच. उलट 88 नं सुरुवात झाली तर उरलेल्या पाचची अपेक्षा 462-463, एकूण 550 च्या वर. अजूनही 544 ते 566 च्या आत. पण 88 वाला वसुलीला निघतो. चार गुण परत आणायचे म्हणून दहाच्या मागे लागतो आणि 86 मारतो. दोघांनाही पडद्यावरची बेरीज झाकता आली तर झाकून ठेवावी.

2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 50 मीटर पिस्तूलच्या फायनलला दक्षिण कोरियाच्या जिन जाँग-ओ यांचा एक शॉट 6.6 गेला. आधीच्या दोन ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात सुवर्ण घेतलेला माणूस, आणि 6.6. अशा फायनलमध्ये खालचा नेमबाज बाद होत जातो, त्यामुळे त्या एका शॉटनं खेळ संपू शकत होता. त्यांनी पुढचे शॉट आपल्या पद्धतीनं मारले आणि 193.7 च्या ऑलिंपिक विक्रमासह सुवर्ण जिंकलं. मला यात चमत्कारापेक्षा हिशेब जास्त दिसतो. 6.6 मारणारा आणि सुवर्ण जिंकणारा हात एकच होता, आणि तो त्या एका शॉटनं बदलला नव्हता. उलट दिशेचं उदाहरण अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सचं. 2004 ला अथेन्समध्ये तीन पोझिशन रायफलच्या (पडून, गुडघ्यावर बसून आणि उभं राहून मारायच्या प्रकाराच्या) शेवटच्या शॉटला त्यांनी शेजारच्या लेनच्या टार्गेटवर मारलं आणि हातातलं सुवर्ण गेलं. 2008 ला बीजिंगमध्ये, पुन्हा आघाडीवर असताना, शेवटचा शॉट 4.4. जगातल्या उत्तम रायफलवाल्यांपैकी एकाच्या नावावर हे दोन शॉट आहेत. ते 2012 ला लंडनमध्ये त्याच प्रकारात परत उभे राहिले आणि कांस्य घेऊन गेले. 4.4 त्यांची पातळी नव्हती, पण तो मारला त्यांनीच होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. नवख्याला यातली पहिलीच पटते, फार निराश माणसाला दुसरीच.

शेजारच्या लेनबद्दल थोडंच. शेजारी खटाखट दहा मारतोय हे मॉनिटरच्या कडेतून दिसतं, ब्लाइंडर, म्हणजे डोळ्याच्या बाजूची झापड, लावा. नव्या पिस्तुलाबद्दल त्याहून थोडं: जुनं पिस्तूल चिमट्यात घट्ट धरून तोच छर्रा मारल्यावर एकाच भोकातून जात असेल, तर तुमचा दीड मिलिमीटर दुकानात नाही. छर्रे मात्र जरूर तपासा, डब्यागणिक फरक पडतो.

सगळ्यात अवघड स्वीकार खाली उतरताना असतो. दुखापत, परीक्षा, नोकरी, आजारपण, काहीही कारण असो, चार-सहा महिने हातात पिस्तूल नसलं की होल्ड पसरतो. डोकं मात्र 555 चंच राहतं. त्याला जुन्या लयीची आठवण असते, ते जुन्या वेळी हुकूम सोडतं आणि साइट अजून तिथे पोचलेली नसते. म्हणून परतलेल्याचे सात नवख्यापेक्षाही जास्त असतात. पहिले दोन आठवडे टार्गेट लावूच नये. रोज 15 मिनिटं भिंतीसमोर, एक दिवसाआड कोऱ्या कागदावर 40 शॉट, खांदा दुखायला लागला की थांबायचं. तिसऱ्या आठवड्यात काळं वर्तुळ, पण बेरीज न करता, फक्त कॉल. चौथ्यात 60 शॉट, घड्याळ लावून.

त्या दिवशी कदाचित 536 येतील. वहीत तारीख लिहायची, 536 लिहायचे, दहा-नऊ-आठ-खालचे असे चार आकडे, जुळलेले कॉल, किती वेळा खाली ठेवलं ते. शेजारी कंसात ‘नेहमी 555’ असं लिहायचं नाही.